दाताला लागेल असं

माझं चष्म्याचं दुकान आहे. रस्त्यापलीकडे बरोबर समोर एक भली मोठी काच आहे, आणि त्या काचेआड पंधरा वर्षं वॉशबेसिनं, नळ आणि फरशा मांडलेल्या होत्या. मग एके दिवशी बेसिनं गेली, फरशा जमिनीवर बसल्या, त्यांच्यावर टेबलं आली आणि मालकाने तिथे इटालियन हॉटेल काढलं.

का काढलं, ते त्याने मला स्वतः सांगितलं. गोदामात इटालियन फरशांचा साठा पडून होता. पिवळसर रंग, मधून शेवाळी रेघा. कोणी हात लावत नव्हतं. "जागा माझी, फरशी इटालियन," तो म्हणाला. "आता वर नुसतं जेवण इटालियन पाहिजे." इतक्या सरळ विचाराने हॉटेल काढलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

भिंतीवर पाण्यातल्या शहराचं चित्र काढून घेतलं. त्यातला नाव वल्हवणारा हुबेहूब मालकाच्या मेहुण्यासारखा दिसायचा, कारण रंगाऱ्यासमोर तोच हातात झाडू धरून उभा राहिला होता. पुढे तोच मेहुणा वाढपी झाला. आचारी आणला तो इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला. बावीस वर्षं त्याने आजाऱ्यांसाठी शिजवलं होतं आणि त्याच्या हातचं काहीही बिनदातांच्या माणसाला जिभेने दाबून गिळता यायचं, याचा त्याला अभिमान होता. तो अभिमान मालकाने पहिल्याच आठवड्यात मोडला. पाकिटावर लिहिलं होतं, पास्ता नऊ मिनिटं शिजवा म्हणजे 'अल देन्ते' होतो, दाताला लागेल असा. मालक म्हणाला, "नऊ लिहिलंय ना, तू पाच धर. आणखी इटालियन होईल."

आळीतले लोक हॉटेलला 'इटली' म्हणायला लागले. म्हणायचे खूप, जायचं कोणी नाही. दोन महिने मेहुणा दुमडलेल्या मेनूकार्डाने माश्या हाकत बसलेला मला दिसायचा.

तेव्हा मापसाहेब तिथे गेले.

मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते चौतीस वर्षं निरीक्षक होते. लोकांची मापं काढणं हाच धंदा, आणि तो त्यांनी दोन्ही अर्थांनी केला. ते रस्त्याच्या टोकाशी दिसले की दुकानदार काटा पुसायला घ्यायचे. कुणाच्या दुकानात त्यांनी कधी चहाचा घोट घेतला नाही. सख्ख्या साडूचा काटा खोटा निघाला तर तोही जप्त केला. त्यापायी साहेबांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि त्यांची बहीण दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मग साहेब निवृत्त झाले. शाल नाही, भाषण नाही, एक कोट मिळाला, राखाडी रंगाचा. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरचं कोणी उठून उभं राहीना. भुसारवाला तर त्यांच्यासमोर हातातला फोनसुद्धा खाली ठेवीना. साहेब रोज सकाळी माझ्याकडे येऊन बसू लागले. निमित्त चष्म्याचा स्क्रू ढिला झाल्याचं. इतके ढिले होणारे स्क्रू जगात कुठे नसतील. मी तो घट्ट करायचो, ते वर्तमानपत्र वाचायचे, आणि वाचता वाचता रस्त्यावरून जाणाऱ्याने मान हलवली का, ते बघायचे.

वहिनी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होत्या. त्यांची वाक्यं चार शब्दांच्या वर जात नाहीत. डॉक्टरांनी हात पुढे केला की त्यात काय ठेवायचं ते न विचारता कळायचं त्यांना, तेव्हा संसारातही त्या विचारत बसत नसत.

तर त्या सुमाराला दोन गोष्टी एकदम घडल्या. साहेबांनी नवी कवळी बसवून घेतली, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची फरशी उखडली.

कवळी त्यांनी एका जुन्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडून करून घेतली. माणूस सज्जन, वय झालेलं, हात थोडा थरथरायचा. वहिनी म्हणाल्या होत्या, "तिथे जाऊ नका." साहेब गेले. कवळी खालच्या बाजूला नखभर मोठी झाली. पण आयुष्यभर दुसऱ्याचं माप चुकलं म्हणून शिक्का नाकारणाऱ्या माणसाने आपल्या तोंडाचं माप चुकलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? "झकास बसलीय," असं ते सांगत राहिले, आणि सांगताना प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायची.

फरशी मात्र समोरच्या मालकाकडूनच घेतली, उरलेल्या त्या पिवळ्या इटालियनपैकी. फरशी बसवून वाळेपर्यंत घरात चूल पेटणार नव्हती. मालकाने मोठ्या मनाने सांगितलं, "साहेब, आज संध्याकाळी दोघं आमच्याकडे जेवा. फरशीबरोबर जेवण."

गेले दोघं. पंखा एकच चालू होता, तो काचेपाशी. म्हणून तिथेच बसले. मेहुण्याने पाठ केलेलं विचारलं, "स्पॅगेटी अल देन्ते करू का?"

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

मेहुणा मालकाला घेऊन आला. मालक म्हणाला, "म्हणजे दाताला लागेल असं."

"सगळं जेवण दातालाच लागतं," वहिनी म्हणाल्या, आणि स्वतःसाठी नुसतं सूप मागवलं.

पुढचं मी माझ्या दुकानातून पाहिलं. साहेबांनी पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. जबडा सावकाश डावीकडे गेला, थांबला. उजवीकडे गेला, पुन्हा थांबला. भुवया वर चढल्या. नाकाने एक लांब श्वास घेतला. उजवा हात टेबलावर अलगद टेकला, बोटं पसरली, थरथरली आणि शांत झाली. मग कुठे गिळलं. डोळ्यांच्या कडेला पाणी चमकत होतं. मला वाटलं, या माणसाला इतकी वर्षं ओळखतो, पण जेवणात तो असा रमत असेल हे कधी वाटलं नव्हतं. आत तो बिचारा हिरडीला खिळा ठोकल्यासारखा कळवळत होता, हे मला चार महिन्यांनी कळलं.

फुटपाथवरून एक जोडपं चाललं होतं. बाई थांबली. "अहो, बघा ना. कसा जेवतोय तो माणूस."

"स्वर्गात पोचलाय," नवरा म्हणाला.

ते आत गेले. त्यांना आत जाताना पाहून कोपऱ्यावरच्या बँकेतला मॅनेजर बायकोपोरांसकट आत गेला. मग आणखी कोणी. त्या संध्याकाळी इटलीत सात टेबलं भरली. मेहुण्याला माश्या मारायला उसंत मिळाली नाही.

मालक मूर्ख नव्हता. त्याने पंधरा वर्षं नळ विकले होते. तो नेहमी म्हणायचा, दुकानातल्या एका नळाला पाणी जोडून ते वाहतं ठेवलं की बाकीचे नळ आपोआप खपतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याच दुकानात साहेबांना भेटायला आला. आल्याबरोबर उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. साहेब तिथेच निम्मे विरघळले.

"साहेब, एक विनंती आहे," मालक म्हणाला. "तुमच्यासारखा पारखी माणूस आपल्या भागात नाही. आमचं जेवण रोज कोणीतरी तपासायला पाहिजे. रोज संध्याकाळी सातला येत चला. काचेजवळचं टेबल तुमचं."

"म्हणजे सल्लागार म्हणून?" साहेबांनी शिट्टी वाजवत विचारलं.

"तेच म्हणायचं होतं मला. शब्द सुचत नव्हता."

साहेबांनी एकच अट घातली: चौतीस वर्षं कुणाचं फुकट खाल्लं नाही, तेव्हा तपासणीपुरतंच खाणार, बशीत निम्मं ठेवणार. मालकाने ही अट डोक्यावर घेतली. इतका संयम असलेला खवय्या त्याला कुठे मिळणार होता? आणि खरं सांगायचं तर निम्म्याच्या पुढे साहेबांच्या हिरड्या चालल्याच नसत्या.

घरी गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "शोकेसमध्ये बसवलंय तुम्हाला."

"अगं, सल्लागार आहे मी."

"मग आत बसवा म्हणावं."

साहेब म्हणाले, तुला यातलं कळत नाही. आणि राखाडी कोटाला इस्त्री करून घेतली.

त्यानंतरचे चार महिने आमच्या आळीला जे झालं ते मी माझ्या खुर्चीत बसून पाहत होतो. साहेब बरोबर सातला यायचे. मेहुणा खुर्ची मागे ओढायचा. पहिला घास, मिटलेले डोळे, डावीकडे, उजवीकडे, श्वास. बाहेर माणसं थांबायची. काही दिवसांनी आत बसलेलेही त्यांच्याकडे बघून घास घेऊ लागले. साहेबांनी डोळे मिटले की बँकवाला मिटायचा, त्याची बायको मिटायची, त्यांचा थोरला मिटायचा, आणि धाकटा ताटातलं कुठे गेलं ते शोधत बसायचा. एका रविवारी मी समोरून पाहिलं तर अख्खं हॉटेल डोळे मिटून रवंथ करत होतं. चष्मेवाल्याला याहून उदास करणारं दृश्य नाही.

संगीत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एकदा स्पॅगेटी परत पाठवली. "ही दाताला लागत नाही," त्या म्हणाल्या. मेहुण्याने तीच बशी आत नेली, आचाऱ्याने बशीकडे पाठ करून दोन मिनिटं काढली, मेहुण्याने तीच बाहेर आणली. बाईंनी खाल्ली आणि म्हणाल्या, "आता कसं!" बँकवाला तर कुणी भेटलं की सांगायचा, "आमच्या घरी आता सगळं अल देन्ते." त्याच्याकडे बटाटेसुद्धा अल देन्ते होऊ लागले होते. त्याच्या आईने म्हणे जेवायला शेजारी जायला सुरुवात केली.

रस्त्यावर साहेब दिसले की लोक आता थांबायचे. "साहेब, आज काय चांगलं आहे?" भुसारवाल्याने फोन खाली ठेवला. साहेबांनी एक छोटी वही घेतली होती. तिच्यात ते लिहायचे: 'मंगळवार. स्पॅगेटी. ठाम.' 'बुधवार. पेन्ने. अधिक ठाम.' मी एकदा विचारलं, "साहेब, चवीला कशी असते हो?" त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "चवीच्या पलीकडचं असतं ते." हे मात्र त्या चार महिन्यांतलं त्यांचं एकमेव खरं वाक्य.

आचारी माझ्याकडे नंबर तपासायला आला होता. अक्षरं वाचता वाचताच म्हणाला, "बावीस वर्षं शिजवायचा पगार घेतला. आता न शिजवायचा घेतोय. आधीपेक्षा जास्त मिळतो." खालची ओळ त्याला वाचता येत होती, पण त्याने वाचली नाही. उठून गेला.

इकडे साहेबांचा कोट सैल व्हायला लागला होता. घरी ते दुधात बुडवलेला पाव खायचे, तोही वहिनींकडे पाठ करून. मुलगी दुसऱ्या शहरात होती. ती फोनवर म्हणाली, "बाबांचा आवाज असा का येतोय? तोंडात काही धरून बोलतायत का?" वहिनींनी फोन ठेवला आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, जरा चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय, आणि माझ्या दुकानाकडे सुटले.

वहिनी त्यांच्या मागोमाग आल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. "भाऊजी, खुर्ची मोकळी आहे?" त्यांनी डोळे तपासायच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी हो म्हणायच्या आत त्यांनी साहेबांना तिच्यात बसवलं होतं, आणि मी डोळ्यांवर धरतो तो दिवा ओढून त्यांच्या तोंडावर आणला होता.

"आ करा."

"अगं, इथे लोक आहेत."

"आ करा."

ऑपरेशन थिएटरमध्ये मोठमोठ्या माणसांनी ऐकलेला आवाज होता तो. साहेबांनी आ केला. वहिनींनी दोन बोटांनी कवळी काढून माझ्या हातात दिली. मी ती चष्म्याच्या काचा ठेवतो त्या मखमली ट्रेमध्ये ठेवली. दुसरं काय करणार? मग त्या बराच वेळ आत पाहत राहिल्या. मीही डोकावलो आणि लगेच मागे झालो. खालची हिरडी एका बाजूने सोलून निघाली होती.

"किती दिवस?" वहिनींनी विचारलं.

साहेबांनी बोटं वर केली. चार.

"चार दिवस?"

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली.

वहिनींनी दिवा बाजूला केला. मला वाटलं होतं आता तडाखा बसणार. पण त्यांनी पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चौतीस वर्षं थिएटरात काढली मी. एवढ्या जखमेला माणसं ओरडतात." मग साहेबांना म्हणाल्या, "ओरडायचं तरी."

साहेबांनी वहिनींचा हात धरून ठेवला. गिऱ्हाइकं चष्मे न घेताच गेली.

वहिनींनी त्यांना नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आधी तीन आठवडे जखम भरू द्यायची, पातळ खायचं, मग नवं माप. नवी कवळी येईपर्यंत महिनाभर काचेजवळचं टेबल रिकामं. मालकाने सगळं करून पाहिलं. मेहुण्यालाच कोट घालून तिथे बसवलं. मेहुणा घास तोंडात आणि नजर फोनवर असा जेवायचा. बघणारे चालत राहायचे. मग मालक स्वतः बसला. तो एवढ्या आनंदाने खायचा की लोकांना वाटलं हा मालक असणार. टेबलं तीनवर आली.

साहेब परत येणार ही बातमी मेहुण्याने फिरवली. त्या दिवशी हॉटेल गच्च भरलं. बँकवाला, संगीतबाई, सगळे. फुटपाथवर पाचसहा जण उभे होते. मीसुद्धा दुकान बंद करून आत गेलो आणि वहिनींच्या शेजारी बसलो. त्यांनी नेहमीसारखं सूप मागवलं होतं.

स्पॅगेटी आली. वाफ निघत होती. साहेबांनी काट्याभोवती ती गुंडाळली, तोंडात घातली. सगळ्यांनी आपापले घास उचलले आणि डोळे मिटायच्या तयारीत थांबले.

साहेबांचे डोळे उघडेच राहिले. जबडा झपझप चालला. कट, कट, असा बारीक आवाज आला. त्यांनी घास गिळला, दुसरा घेतला, तोही भराभर चावला. मग ताटाकडे पाहिलं. शिक्का मारायच्या आधी तराजूच्या काट्याकडे पाहायचे ना, तसं. एक तार उचलली, बोटांनी मोडली. ती मोडली हो. टचकन.

"आचाऱ्याला बोलवा," ते म्हणाले. शिट्टी वाजली नाही.

आचारी हात पुसत बाहेर आला.

"हे कच्चं आहे," साहेब म्हणाले.

कोणाचा काटा बशीवर आपटला. बँकवाला हसत हसत मदतीला आला. "साहेब, ते अल देन्ते. दाताला लागेल असं."

"मला आता दात आहेत," साहेब म्हणाले. "लागतायत. हे कच्चं आहे. तुमचंही कच्चं असणार, बघा."

बँकवाल्याने पाहिलं नाही. त्याने घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि हट्टाने चावत राहिला. संगीतबाई म्हणाल्या, "आजारपणाने तोंडाची चव जाते कधी कधी." आसपासच्या टेबलांवरून "हो ना, हो ना" आलं. आचारी मात्र साहेबांकडे असा पाहत होता की आता त्याला रडू येतं की काय.

मालक धावत आला. साहेबांच्या कानाशी वाकला. तो हळूच बोलला, पण वहिनी आणि मी हातभर अंतरावर होतो. "साहेब, तुमचं बरोबर असेल. पण एक विचारू? ते जुने दात ठेवलेत का?"

साहेबांना लगेच कळलं नाही. "कशाला?"

"नाही, म्हणजे... त्या दातांनी तुम्ही जेवायचात ना, त्याला तोड नव्हती. फक्त सात ते आठ. मग काढून टाका."

मी साहेबांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. खरं तर त्यांना मालकाचा राग आलाच नसावा. चार महिने आपण काय तपासत होतो आणि लोक काय बघत होते, ते त्यांच्या डोक्यात एकेक करून बसत होतं. ते उठले, कोट नीट केला. भरल्या हॉटेलात आचाऱ्याला म्हणाले, "चूक माझी आहे. मी चार महिने खोट्या काट्यावर शिक्का मारत होतो." आणि निघाले. वहिनींनी सूप संपवलं, मग उठल्या.

पुढे आठवडाभर साहेब दुकानात यायचे ते काचेकडे पाठ करून बसायचे. भुसारवाल्याने पुन्हा फोन हातात घेतला होता. मी एकदा म्हटलं, "साहेब, लोकांचं काय एवढं मनावर घेता?"

ते म्हणाले, "लोकांचं नाही हो. मला त्यांनी मान दिला तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या नजरेला दिला. दिला होता माझ्या ठणक्याला." मग वर्तमानपत्र उलटलं. "आणि तरी आवडत होतं. हे जास्त वाईट."

आठव्या दिवशी आचारी त्यांच्या घरी गेला. हे मला वहिनींनी सांगितलं. पिवळ्या फरशीवर पाट न मागता बसला आणि म्हणाला, "मी मालकाला सांगितलंय. एकतर मी शिजवणार, नाहीतर मी चाललो. साहेब, चार महिन्यांत माझ्या हातच्याला कोणी चांगलंही म्हणालं नाही आणि वाईटही. सगळे तुमच्या तोंडाकडे बघून खात होते. तुम्ही पहिले ज्यांनी ताटात बघितलं."

"मी पहिला ज्याने चार महिने बघितलं नाही," साहेब म्हणाले.

"ते जाऊ द्या. उद्या या."

मालकाला दुसरा आचारी मिळेना, म्हणून त्याने ऐकलं. आणि झालं ते असं की जेवण शिजायला लागल्याबरोबर लोक म्हणू लागले, इटली बिघडली. बँकवाला म्हणाला, आता काय राहिलं तिथे. तेवढ्यात दोन रस्ते सोडून एक जपानी हॉटेल निघालं, जिथे मासा शिजवतच नाहीत. बँकवाला तिथे जायला लागला. संगीतबाई गेल्या. तिथेही ते डोळे मिटतात असं ऐकतो, पण आता त्याला कारण असावं.

इटलीत मात्र वेगळीच माणसं येऊ लागली. आधी वहिनींच्या इस्पितळातल्या जुन्या सोबतिणी, पाळी संपवून, पाय दुखत असलेल्या, गरम काही पोटात जावं एवढीच इच्छा असलेल्या. मग त्यांनी सांगितलं म्हणून इस्पितळातून सुटलेले पेशंट. मग म्हातारी माणसं. बँकवाल्याची आई एकटी यायची, रोज. आचाऱ्याला आपली माणसं सापडली. तो फुलला. इतका फुलला की दोन महिन्यांत तो स्पॅगेटी पंचवीस मिनिटं उकळू लागला, आणि ती चमच्याने खायची वेळ आली.

साहेब वहिनींबरोबर दर बुधवारी जायचे. काचेजवळ नाही, मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. पैसे देऊन. एका बुधवारी मीही होतो. साहेबांनी एक घास खाल्ला आणि काटा खाली ठेवला.

"हे जास्त शिजलंय."

आचारी दारात आला, कमरेवर हात ठेवून. "साहेब, गेल्या वेळी कच्चं म्हणालात."

"तेव्हा कच्चं होतं. आज खळ झालीय. हिने पत्रिका चिकटवता येतील."

"लोक आवडीने खातात!"

"लोक!" साहेब म्हणाले. एवढंच.

आचाऱ्याचा चेहरा लाल झाला. साहेबांचाही. मालक लांबून हात जोडून उभा होता. बँकवाल्याची आई चमचा थांबवून ऐकत होती. "मला बरं लागतं हो," ती म्हणाली, पण कोणी लक्ष दिलं नाही. आचारी म्हणाला, तुम्हाला समजतं तर तुम्ही शिजवा. साहेब म्हणाले, शिजवायचं मला समजत नाही, मोजायचं समजतं. आवाज चढत गेला. समोरच्या फुटपाथवरून दोघंतिघं वळून बघायला लागले, आणि त्यांना आत यावंसं वाटेल असं त्यात काहीच नव्हतं.

वहिनींनी सूप बाजूला सारलं. उठल्या, ब्लाउजला उलटं टांगलेलं परिचारिकेचं घड्याळ हातात घेतलं आणि दोघांच्या मधून स्वयंपाकघरात शिरल्या. "पाणी ठेवा," त्या म्हणाल्या.

आचाऱ्याने पाणी ठेवलं. उकळी फुटल्यावर स्पॅगेटी आत गेली. वहिनी घड्याळ बघत उभ्या. आठव्या मिनिटाला एक तार साहेबांच्या तोंडात, एक आचाऱ्याच्या. "कच्ची," साहेब म्हणाले. "कच्ची," आचारीही म्हणाला, जरा आनंदानेच. दहाव्याला साहेब म्हणाले, "झाली." आचारी म्हणाला, "छे." बाराव्याला आचारी म्हणाला, "आता बघा," आणि साहेबांनी तोंड वाकडं केलं.

"अकरा," वहिनी म्हणाल्या. "दोघांनी गप्प बसा."

भिंतीवर खडूने अकरा लिहिलं गेलं. खाली आचाऱ्याने बारीक अक्षरात लिहिलं: म्हाताऱ्यांसाठी पंधरा. साहेबांनी चष्मा नाकावर सारून ते वाचलं, आणि हरकत घेतली नाही.